बीसीबीए परीक्षेची तयारी: कशी केलीत, काय उपयोगी पडलं?

प्राजक्ता_एडिसन

नमस्कार मंडळी,

ऑटिझम असलेल्या मुलांसोबत आरबीटी म्हणून काम करता करता मास्टर्स झालं, फील्डवर्कचे तासही संपत आले. आता समोर बीसीबीएची परीक्षा आहे. इथे अमेरिकेत या क्षेत्रात शिरलेल्या मराठी बायका बऱ्याच दिसतात. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) कामाचा परवाना मिळाला आणि ४० तासांचं आरबीटी प्रशिक्षण घेऊन सुरुवात केली, अशा माझ्या ओळखीतच कितीतरी जणी आहेत. पण या परीक्षेबद्दल मराठीत एका जागी काही सापडेना, म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: उपयोजित वर्तन विश्लेषण, म्हणजे एबीए. एखादं वर्तन कशामुळे घडतं, त्याच्या आधी काय होतं, नंतर काय मिळतं किंवा टळतं, हे मोजून-मापून बघायचं आणि त्यानुसार शिकवण्याची पद्धत ठरवायची. बीसीबीए (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्ट) हे त्यातलं मास्टर्सनंतरचं प्रमाणपत्र, आरबीटी (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन) हे प्रत्यक्ष मुलासोबत बसून काम करणाऱ्याचं. बीसीबीएच्या परीक्षेत १८५ प्रश्न असतात, त्यातले १७५ गुणांसाठी धरले जातात आणि १० नुसते चाचणीसाठी असतात. ते कुठले हे आपल्याला कळत नाही. वेळ ४ तास.

माझे प्रश्न:
कूपर, हेरॉन, ह्यूवर्ड यांचं ते जाडजूड पांढरं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचायचं का? सराव परीक्षा कधी सुरू करायच्या? आणि मुख्य अडचण अशी की व्याख्या मला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन, पण प्रसंग देऊन प्रश्न आला की शेवटच्या दोन पर्यायांत गाडी अडते. यावर कोणी काय केलं?

नोकरी आणि दोन मुलं सांभाळून अभ्यास चालू आहे, त्यामुळे वेळेच्या नियोजनाबद्दलही लिहा.

---

रेवती_सॅन_होजे

अगदी योग्य वेळी धागा काढलास. मीही याच वाटेवर आहे, फक्त माझं फील्डवर्क अजून बरंच बाकी आहे. वाचतेय.

---

कोकणकन्या

प्राजक्ता, अभिनंदन! तास पूर्ण होणं हीच अर्धी लढाई. मी काही वर्षांपासून बीसीबीए आहे आणि आता उमेदवारांना सुपरव्हिजन देते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी परीक्षेचा आराखडा समोर ठेव. १ जानेवारी २०२५ पासून सहावी आवृत्ती लागू झाली आहे. त्यात नऊ विभाग आहेत. संकल्पना आणि तत्त्वं १४ टक्के, वर्तनबदलाच्या पद्धती १४ टक्के, नीतिमत्ता १३, वर्तनाचं मूल्यमापन १३, मोजमाप आणि आलेख १२, उपाययोजनेची निवड ११, सुपरव्हिजन ११, प्रयोगरचना ७ आणि तात्त्विक पाया ५. बहुतेक जण पहिल्या प्रकरणापासून सुरू करतात, तात्त्विक पायावर आठवडे घालवतात आणि सुपरव्हिजनकडे शेवटच्या दोन दिवसांत बघतात. गुण बघ आणि वेळ त्या हिशेबाने वाट.

पुस्तक पूर्ण वाचू नकोस. मास्टर्सला वाचलं आहेस ना? मग आता ते संदर्भाला ठेव. सराव परीक्षेत जो मुद्दा चुकला तेवढंच प्रकरण उघडायचं, त्यातलं हवं ते पान वाचायचं आणि पुस्तक मिटायचं.

आता शेवटच्या दोन पर्यायांबद्दल. ही परीक्षा व्याख्या विचारतच नाही म्हटलं तरी चालेल. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन गोष्टींतला फरक प्रसंगात ओळखता येतो का, एवढंच ती तपासते. माझ्या उमेदवारांना मी एक प्रसंग नेहमी देते. दुकानात मूल चॉकलेटसाठी रडायला लागतं. आई चॉकलेट देते. रडणं थांबतं. पुढच्या वेळी दुकानात मूल पुन्हा रडतं आणि आई आणखी लवकर चॉकलेट देते. हे काय आहे?

पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट (काही मिळाल्याने वर्तन वाढणं) की निगेटिव्ह (नकोसं टळल्याने वाढणं)? दोन्ही! मुलाच्या रडण्याला चॉकलेट मिळालं, रडणं वाढलं, म्हणजे मुलाच्या बाजूने पॉझिटिव्ह. आईच्या चॉकलेट देण्याने रडण्याचा त्रास थांबला, तिचं देणं वाढलं, म्हणजे आईच्या बाजूने निगेटिव्ह. पर्यायांत दोन्ही असतात. प्रश्न कोणाच्या वर्तनाबद्दल आहे हे शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, आणि घाईत आपण मुलाबद्दलच आहे असं धरून चालतो. म्हणून शेवटची ओळ आधी वाच, कोणाचं कुठलं वर्तन ते मनाशी पक्कं कर, मगच प्रसंग वाच.

---

मीनल_के

कोकणकन्या, शेवटची ओळ आधी वाचण्याला जोरदार अनुमोदन. मला सगळ्यात जास्त फायदा याच सवयीचा झाला.

एक धोक्याची सूचना: बाजारात अजून पाचव्या आवृत्तीचे प्रश्नसंच फिरत आहेत. त्यांतली विभागांची अक्षरं आणि क्रम वेगळे आहेत. मूळ संकल्पना त्याच असल्या तरी कुठल्या विभागात आपण कच्चे आहोत याचा हिशेब पार चुकतो. विकत घेण्याआधी सहावी आवृत्ती आहे ना ते बघून घ्या.

---

निरंजन७१

मी या क्षेत्रातला नाही. निवृत्त शिक्षक आहे, आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. सूनबाई ही परीक्षा देतेय म्हणून तिच्या वह्या चाळतो. चॉकलेटचा प्रसंग वाचून आमच्या नातवाने आजीला किती पद्धतशीर प्रशिक्षण दिलंय हे लक्षात आलं. आजी म्हणते, "पोराला शिकवायला चाललेत, आधी मला कोणी शिकवलं ते बघा!"

मोजमापाबद्दल कोणी तरी लिहा. त्या निरीक्षकांमधल्या सहमतीच्या गणितात मला रस आहे.

---

सुहास_बोस्टन

निरंजनकाका, खास तुमच्यासाठी. प्राजक्ता, तुलाही उपयोगी पडेल, कारण इथले गुण हातचे असतात.

दोन निरीक्षक एकाच मुलाचं एकच वर्तन मोजतात. दोघांचे आकडे किती जुळतात ते म्हणजे आयओए. समजा चार कालखंड आहेत. पहिल्या निरीक्षकाने मोजलं २, ०, ३, १. दुसऱ्याने २, १, २, १.

एकूण मोजणीच्या पद्धतीत दोघांचीही बेरीज ६. सहमती १०० टक्के! पण दोन कालखंडांत आकडे वेगळे आहेत, म्हणजे दोघांनी सगळीकडे एकच गोष्ट मोजलेली नाही.

प्रत्येक कालखंडात आकडा तंतोतंत जुळलाय का असं बघितलं तर चारपैकी दोनच जुळतात. सहमती ५० टक्के.

आणि प्रत्येक कालखंडाची वेगळी टक्केवारी काढून सरासरी घेतली तर १००, ०, ६६.७ आणि १००. सरासरी ६६.७ टक्के.

माहिती एकच आणि उत्तरं तीन. परीक्षेत कुठली पद्धत विचारली आहे ते एका शब्दावर ठरतं. तंतोतंत जुळणीची पद्धत सगळ्यात कडक आणि एकूण मोजणीची सगळ्यात ढिली, हे लक्षात राहिलं तर आकडेमोड न करताही काही पर्याय बाद करता येतात.

यालाच जोडून: पार्शल इंटरव्हल पद्धत वर्तन किती वेळ चाललं हे फुगवून दाखवते, कारण कालखंडात क्षणभर घडलं तरी खूण होते. होल इंटरव्हल कमी दाखवते, कारण अख्खा कालखंड वर्तन चालू राहिलं तरच खूण. म्हणून कमी करायचं वर्तन असेल तर पार्शल आणि वाढवायचं असेल तर होल घेतात, म्हणजे आपली प्रगती आपणच फुगवून सांगत नाही. या 'का'वर प्रश्न येतात.

---

निरंजन७१

वा सुहासराव! वर्गात शिकवत असतो तर हे उदाहरण फळ्यावर घेतलं असतं. सूनबाईंना दाखवलं. तिसरं उत्तर तिने तोंडी काढलं.

---

प्राजक्ता_एडिसन

सुहासदादा, हे एवढं स्वच्छ मला कोर्समध्येसुद्धा कळलं नव्हतं. खूप आभार.

माझी आणखी एक अडलेली जागा: एमओ आणि एसडी. मोटिव्हेटिंग ऑपरेशन आणि डिस्क्रिमिनेटिव्ह स्टिम्युलस. दोन्ही वर्तनाच्या आधी येतात, दोन्हींमुळे वर्तन घडतं. प्रसंगात ओळखायचं कसं?

---

मीनल_के

स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. "हवंय का?" आणि "मिळेल का?"

झणझणीत मिसळ खाल्ली, तोंड भाजलं. आता ताक हवं आहे. तुमच्या लेखी ताकाचं मोल वाढलं, हा एमओ. मिसळीने ताक मिळण्याची शक्यता वाढवली का? नाही. फक्त हवंसं केलं. आता काउंटरवर 'ताक संपले' अशी पाटी असेल तर मागून मिळणार नाही, पाटी नसेल तर मिळेल. मागितल्यावर मिळतं की नाही हे जे सांगतं ते एसडीच्या बाजूचं. पाटी बघून तुमचं तोंड भाजायचं थांबत नाही, म्हणजे हवंपण तसंच आहे, बदललं ते मिळणं.

एमओची कल्पना जॅक मायकेल यांनी मांडली, तेव्हापासून विद्यार्थी इथेच अडतात, त्यामुळे तू एकटी नाहीस. रोज स्वतःच्या घरातले पाच प्रसंग मराठीत लिही आणि प्रत्येकात हे दोन प्रश्न विचार. पुस्तकातली उदाहरणं अमेरिकन आहेत. आपल्या ओट्यावरची उदाहरणं डोक्यात जास्त टिकतात.

---

तेजू_११

नुकतीच परीक्षा दिलेल्या कोणाला आठवत असलेले प्रश्न असतील तर मला संदेश पाठवता का? पुढच्या आठवड्यात माझी तारीख आहे. खूप ताण आलाय.

---

सुहास_बोस्टन

तेजू, ताण समजू शकतो, पण हे मागू नका आणि कोणी दिलं तर घेऊही नका. परीक्षेआधी आपण गोपनीयतेच्या अटी मान्य करतो. प्रश्न सांगणं आणि घेणं, दोन्ही नियमभंग आहेत आणि त्यात प्रमाणपत्र जाऊ शकतं. ज्या परीक्षेत १३ टक्के गुण नीतिमत्तेला आहेत ती अशी पास होऊन मुलांसमोर कसं बसायचं?

---

संपादक

या धाग्यावर किंवा खासगी संदेशातून प्रत्यक्ष परीक्षेतले प्रश्न मागू वा देऊ नयेत. स्वतः रचलेले सराव प्रश्न जरूर लिहा. तेजू_११ यांचा प्रतिसाद ठेवला आहे, कारण त्यावरचं उत्तर इतरांच्याही उपयोगाचं आहे.

---

तेजू_११

कळलं. आता कोणाकडून घेणार नाही. शेवटच्या आठवड्यात काय करावं ते मात्र सांगा.

---

कोकणकन्या

तेजू, शेवटच्या आठवड्यात नवीन काही वाचायचं नाही. आतापर्यंतच्या सराव परीक्षांत चुकलेले प्रश्न एकत्र कर आणि प्रत्येकासमोर चुकण्याचं कारण लिही: संकल्पना येत नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की येत असून उत्तर बदललं? या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. संकल्पनाच येत नसेल तरच पुस्तक उघड.

परीक्षेला एका प्रश्नामागे साधारण ७८ सेकंद मिळतात. अडलेल्या प्रश्नावर खूण करायची आणि पुढे जायचं. केंद्रावर मध्ये उठता येतं, पण घड्याळ चालूच राहतं.

नीतिमत्तेचा विषय निघालाच आहे तर भेटवस्तूंचं वाचून जा. २०२२ पासून लागू झालेल्या आचारसंहितेत १० डॉलरपर्यंतची भेट, तीही क्वचित आणि कृतज्ञता म्हणून, एवढीच चालते.

---

रेवती_सॅन_होजे

हे भेटवस्तूंचं मला प्रत्यक्षात फार जड जातं. मी ज्या मुलासोबत काम करते त्याचं कुटुंब आपल्यातलंच आहे. दिवाळीत त्याच्या आजीने फराळाचा मोठा डबा हातात ठेवला. चकल्या, अनारसे, सगळं स्वतः केलेलं. १० डॉलरचा हिशेब तिथे कसा लावायचा? नको म्हटलं तर तिचा चेहरा उतरतो. घेतलं तर मी नियम मोडते का?

---

कोकणकन्या

रेवती, कामाला सुरुवात होतानाच कुटुंबाला हे सांगायचं असतं, दिवाळी तोंडावर आल्यावर नाही. "आमच्या नियमांप्रमाणे मला भेटवस्तू घेता येत नाहीत, पण तुमच्या घरी एखादी चकली नक्की खाईन," असं पहिल्याच महिन्यात सांगितलेलं असलं की आजीही समजून घेतात. चहा घेणं, बशीतलं थोडं खाणं आणि डबा, साडी किंवा गिफ्ट कार्ड यांत फरक आहे. डबा आलाच तर तुझ्या सुपरव्हायजरला त्याच दिवशी सांग. मनात ठेवू नकोस.

याहून अवघड म्हणजे मंडळाचे कार्यक्रम. गणपतीत शंभर माणसांत कोणी विचारतं, "तू त्यांच्या मुलाकडे जातेस ना? बोलायला लागला का तो?" तू त्या मुलाकडे जातेस हेसुद्धा सांगायचं नसतं. मी सरळ म्हणते, "मी कोणाकडे जाते यावर बोलत नाही हो," आणि आरतीला सटकते. परीक्षेत दुहेरी नात्यांचे (एकाच कुटुंबाशी कामाचं आणि ओळखीचंही नातं) प्रश्न येतात, तेव्हा मंडळातला असा एखादा प्रसंग आठवून बघ. उत्तर लगेच सुचतं.

---

अनघा_पुणे

मी पुण्यात विशेष शिक्षिका आहे, आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी आहे. हा धागा वाचून उत्साह आला. मला इथूनच बीसीबीए करता येईल का? एका संस्थेच्या जाहिरातीत 'भारतातून बीसीबीए, नोकरीची हमी' असं लिहिलंय. फी बरीच आहे, म्हणून आधी विचारतेय.

---

सुहास_बोस्टन

अनघाताई, पैसे भरू नका. बीसीबीए देणाऱ्या मंडळाने १ जानेवारी २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांचे नवीन अर्ज घेणं बंद केलं आहे. आरबीटीचेही. आता ते मुख्यतः अमेरिका आणि कॅनडापुरतं उरलंय. आधी मिळालेल्यांना ते नियमांनुसार टिकवता येतं, पण तुम्ही नव्याने अर्ज करू शकत नाही. अशी जाहिरात करणाऱ्यांना लेखी विचारा: "मी भारतात राहून अर्ज केला तर तो स्वीकारला जाईल का?" उत्तर काय येतं ते बघा.

भारतातून दोन पर्याय आहेत. इंटरनॅशनल बिहेवियर ॲनालिसिस ऑर्गनायझेशन आयबीए आणि आयबीटी अशी प्रमाणपत्रं देते. दुसरी संस्था क्वाबा. तिची क्यूबीए, क्यूएएसपी-एस आणि एबीएटी अशी तीन पातळ्यांची आहेत. अटी त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर वाचा, कोणा दलालाकडून ऐकू नका. अभ्यासक्रमाचा गाभा बराचसा तोच आहे, म्हणजे या धाग्यातलं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू पडेल.

---

वाटसरू

अनघाताई, मी पालक म्हणून लिहितो. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता तरुण आहे. ठाण्यात आम्ही बरीच केंद्रं पाहिली. दारावर परदेशी प्रमाणपत्रांच्या चौकटी लावलेल्या आणि आत मुलगा पाच मिनिटांत ओरडून बाहेर येतोय, असंही पाहिलं. आणि एका साध्या बालवाडीताईंनी कुठल्याही अक्षरांशिवाय त्याला शर्टाची बटणं लावायला शिकवली तेही पाहिलं. शेवटचं बटण त्याने स्वतः लावायचं, बाकीची त्या लावणार. मग शेवटची दोन. मग तीन.

त्यामुळे इथे महाराष्ट्रात प्रमाणपत्राची खरंच किती गरज आहे, असा माझा प्रश्न आहे.

---

कोकणकन्या

वाटसरूजी, त्या ताईंनी जे केलं त्याला आमच्याकडे बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. शेवटची पायरी आधी शिकवली की काम पूर्ण झाल्याचं समाधान मुलाला पहिल्या दिवसापासून मिळतं. त्या ताईंना मनापासून नमस्कार.

पण गरजेच्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. त्या ताईंना ते जमलं, मात्र एखादं मूल डोकं आपटून घेत असेल तेव्हा? ते दुखतंय म्हणून, काम टाळायला, लक्ष वेधायला, की त्या आपटण्याच्या संवेदनेसाठी, हे शोधावं लागतं. प्रत्येक कारणाला उपाय वेगळा, आणि चुकीचा उपाय केला तर आपटणं वाढतं. कामातून सुटका मिळावी म्हणून आपटणाऱ्या मुलाला टाइम-आउट (सगळ्यापासून थोडा वेळ बाजूला बसवणं) दिला तर त्याला हवं तेच मिळालं! आपटण्यामागचं कारण पद्धतशीर शोधायला प्रशिक्षण लागतं. भारताच्या २०२१ च्या ॲलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत बिहेवियरल ॲनालिस्टचा उल्लेख आहे, म्हणजे हा व्यवसाय आहे हे कायद्यानेही मानलंय. प्रत्यक्षात नियम रुळायला वेळ लागेल.

---

शाल्मली

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान मोठेपणी झालं. इथे सगळे परीक्षेबद्दल बोलताय, पण परीक्षेत हे विचारतात का, की ज्या मुलावर हे सगळं करायचं त्याला ते हवं आहे का? एबीएबद्दल ऑटिस्टिक प्रौढांच्या तक्रारी खूप गंभीर आहेत. डोळ्यांत बघायला लावणं, हात हलवले की थांबवणं, आज्ञापालनासाठी खाऊ. मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या प्रसिद्ध अभ्यासात आठवड्याला ४० तासांची थेरपी होती आणि शिक्षासुद्धा होत्या. मूल 'इतरांसारखं' दिसणं हे यश धरलं होतं. मी हात हलवते तेव्हा मला बरं वाटतं. ते कोणाला कमी का करायचं असतं?

---

मीनल_के

शाल्मली, यात एबीएची सरसकट बदनामी होते असं वाटतं. मी ज्या मुलांसोबत काम करते ती बोलायला, मागायला, स्वतः शौचाला जायला शिकली आहेत. जुन्या काळातल्या गोष्टींवरून आजच्या कामाला नावं ठेवणं बरोबर नाही.

---

कोकणकन्या

मीनल, मी इथे शाल्मलीच्या बाजूने आहे. ती सांगतेय ते झालेलं आहे आणि काही ठिकाणी अजून होतं. लोवास यांच्या अभ्यासात प्रायोगिक गटात १९ मुलं होती, त्यातली ९ 'सामान्य' झाली असं म्हटलं गेलं, आणि नंतर कित्येक वर्षं घरोघरी तोच आकडा सांगून ४० तास विकले गेले.

शाल्मली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, आता आचारसंहितेत मुलाची स्वतःची संमती, म्हणजे असेंट, आली आहे. बोलता न येणारं मूल तोंड फिरवतं, साहित्य ढकलतं, खोलीच्या दाराकडे जातं. ते 'नाही' असतं आणि ते मोजायचं असतं. मी उमेदवारांना विचारते, "हे वर्तन कमी झालं तर फायदा कोणाचा, मुलाचा की बघणाऱ्याचा?" बघणाऱ्याचा असेल तर ते उद्दिष्ट खोडायचं. हात हलवणं माझ्या एकाही योजनेत नाही.

परीक्षा देणाऱ्या सगळ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांचं लिखाण वाचावं असं मला मनापासून वाटतं. ते कुठल्या प्रश्नसंचात नाही.

---

शाल्मली

दाराकडे जाणं मोजतात हे वाचून बरं वाटलं. माझं समाधान पूर्ण झालेलं नाही, पण बोलायला तयार असलेली माणसं भेटली. परीक्षा देणाऱ्यांना शुभेच्छा.

---

वाटसरू

शाल्मलीताई, तुमचा प्रतिसाद माझ्या मुलाच्या आईला वाचून दाखवला. लिहीत राहा.

---

रेवती_सॅन_होजे

मूळ विषयाकडे येते. पाठांतराच्या भागासाठी कोणी सॅफमेड्स कार्डं वापरली का? एका बाजूला व्याख्या, दुसऱ्या बाजूला संज्ञा, एका मिनिटात जमतील तेवढी मोठ्याने म्हणायची, रोज पत्ते पिसून. ऑगडेन लिंडस्ली यांची पद्धत.

---

सुहास_बोस्टन

वापरली. मिनिटाला किती बरोबर, किती चूक याचा आलेख फ्रिजवर लावला होता. मुलगी रोज विचारायची, "बाबा, आज रेष वर गेली का?" त्या प्रश्नासाठी तरी कार्डं हातात घेतली जायची. पण प्राजक्ताच्या अडचणीवर कार्डं पुरणार नाहीत. व्याख्या तिला येतातच. तिने मीनल म्हणते तसे प्रसंग लिहावेत. कार्डांवर व्याख्येऐवजी प्रसंग लिहिले तर आणखी चांगलं.

आणि एक प्रशासकीय मुद्दा, फार महत्त्वाचा. ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलंच पाहिजे. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लायसन्सवर नवऱ्याचं, पदवीवर माहेरचं आडनाव असा घोळ असतो. परीक्षेची तारीख घेण्याआधी हे तपासा. केंद्रातल्या माणसाला आपल्या मधल्या नावाचा इतिहास समजावता येत नाही.

---

मीनल_के

नावाच्या मुद्द्याला +१०००. आणि निकालाबद्दल: पास व्हायला ५०० पैकी ४०० लागतात, पण ते ८० टक्के नव्हेत, तो रूपांतरित आकडा असतो. अलीकडे पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या थोडंसंच वर आहे. म्हणजे शेजारच्या खुर्चीवरची हुशार, मेहनती व्यक्तीही नापास होऊ शकते. झालं तर ३० दिवसांनी पुन्हा देता येते, दोन वर्षांच्या मुदतीत जास्तीत जास्त आठ वेळा. फक्त दुसऱ्यांदा बसताना अभ्यासाची पद्धत बदला. तेच प्रश्नसंच पुन्हा सोडवले की उत्तरं पाठ झालेली असतात आणि आकडा खोटाच वर जातो.

---

प्राजक्ता_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. मी ठरवलंय ते असं: पुस्तक फक्त संदर्भाला, आठवड्याला एक पूर्ण लांबीची सराव परीक्षा शनिवारी पहाटे मुलं उठायच्या आत, आणि बाकी दिवस चुकांची वही व स्वतःचे प्रसंग. सुपरव्हिजनचा विभाग पहिल्या महिन्यातच घेणार. पासपोर्ट आणि लायसन्स तपासलं. मधलं नाव खरंच वेगळं निघालं, आजच अर्ज दुरुस्तीला टाकला.

आजपासून इथे रोज एक प्रसंग टाकणार आहे. पहिला हा:

तीन वर्षांचं मूल. आजी घरात शिरते. आजी आली की लाडू मिळतो असा आजवरचा अनुभव. आई-बाबांकडे मागून कधीच मिळत नाही. समोर लाडू दिसत नाहीये. मूल आजीकडे बघून म्हणतं, "लाडू!" आजी पिशवीतून काढून देते. हा मँड (मागणी) आहे की टॅक्ट (दिसलेल्या गोष्टीचं नाव सांगणं)? आणि आजी कोण, एमओ की एसडी?

---

रेवती_सॅन_होजे

मँड, कारण लाडू हवाय म्हणून म्हटलं आणि लाडूच मिळाला. टॅक्ट असता तर लाडू समोर दिसायला हवा होता, आणि बदल्यात "हो रे बाळा, लाडू!" असं नुसतं कौतुक मिळालं असतं. आजी एमओ? तिला बघून लाडू आठवतो ना.

---

तेजू_११

रेवती, मँड बरोबर, पण आजी एसडी. मीनलताईंचे दोन प्रश्न लावून बघ. आजीमुळे "मिळेल का?" बदललं. आई-बाबांकडे मागून मिळत नाही, आजीकडे मिळतं. "हवंय का?" हे भुकेवर, आणि शेवटचा लाडू कधी खाल्ला त्यावर. आजी यायच्या पाच मिनिटं आधी त्याने शेजारी तीन लाडू खाल्ले असते तर आजी आली तरी तो मागणार नाही. आजी तीच, मिळणार हेही तेच, फक्त हवंपण गेलं.

---

मीनल_के

तेजू, अगदी बरोबर. ते तीन लाडू म्हणजे अबॉलिशिंग ऑपरेशन, हवंपण कमी करणारा एमओ. पुढच्या आठवड्याला असंच शांतपणे सोडव. उद्याचा प्रसंग मी टाकते, डीआरए (नकोशा वर्तनाऐवजी पर्यायी वर्तनाला रीइन्फोर्समेंट) आणि डीआरओवर (नकोसं वर्तन ठरावीक वेळ घडलं नाही तर रीइन्फोर्समेंट).